दोन माणसं, एक कार्ड

ताई, तुला नेलं त्या सकाळी भिवंडीच्या कामतघर भागातल्या आपल्या गल्लीचे यंत्रमाग, आपले लूम, थांबले. कुणी हाक दिली नव्हती, कुणी पत्रक वाटलं नव्हतं. पहिल्या पाळीचे लोक हातातलं काम तसंच टाकून बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्या गल्लीत खटाखट थांबली की कानांना दडे बसल्यासारखं होतं. काकांनी "बायकांनी यायचं नसतं" म्हणून अडवलं, तरी मी तुझ्या मागून चालत होते, आणि त्या शांततेत माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते. चार वर्षं मी ह्याच गल्लीत पत्रकं वाटतेय. पाळीच्या तासांसाठी, बोनससाठी, छातीत जाणाऱ्या सुताच्या धुळीविरुद्ध. माझ्या एकाही पत्रकाने एकही लूम थांबला नाही. तू तिरडीवर होतीस आणि मला तुझा हेवा वाटला.

हे छापू नकोस, असं बाबा म्हणाले. मी छापतेय. अक्षरांचे खिळे मीच जुळवतेय, त्यामुळे त्यांना अडवता येत नाही.

आपण दोघी एकाच छापखान्यात वाढलो. मी अक्षरं शिकले ती सभेच्या हँडबिलांवरून, आणि तू शिकलीस ती बाबा रद्दीत आणायचे त्या पुस्तकांवरून. पुढे तू बी.एस्सी. झालीस, मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागलीस, आणि मग आठवड्यातले तीन दिवस भिवंडीच्या क्षयाच्या दवाखान्यात थुंकी तपासायला बसू लागलीस. मी मॅट्रिकनंतर छापखान्याच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशिनवर राहिले. बाबा एकदा कुणाला तरी कौतुकाने म्हणाले होते, "धाकटीचं लिहिलेलं लोक वाचतात, थोरलीचं लिहिलेलं लोक गिळतात." तो माणूस खूप हसला. मी आत रॉकेलने शाईचा रूळ पुसत होते. बाबांना आज आठवतही नसेल. मला त्या रॉकेलचा वास अजून येतो.

तुझी माझी भांडणं सगळ्या गल्लीला पाठ होती. मुंबईतले तुझे मोठे डॉक्टर रक्तातल्या चरबीवर संशोधन करत होते. त्यांचा सौदा असा, की तू भिवंडीतून त्यांना रक्ताचे नमुने आणून द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांनी तुला जंतू वाढवायची खोली वापरू द्यायची. तुला हवी होती ती खोली. औषधाला दाद न देणारा क्षय कामतघरात किती घरांत शिरलाय हे तुला शोधायचं होतं. पण मी धरून बसले ते चरबीला.

"शेठच्या रक्तातलं तूप मोजते आमची ताई," मी कुणासमोरही म्हणायचे. एका लेखात तर मी हृदयविकाराला 'गादीवर बसणाऱ्यांचा रोग' म्हटलं होतं.

तू तो लेख वाचून म्हणालीस, "मंदे, सात उद्गारचिन्हं आहेत. रोगी समोर असता तर ऐकून पळाला असता."

"मुद्द्याचं बोल."

"मुद्दा असा की नळीत रक्त ठेवलं, तांबड्या पेशी तळाला बसल्या, की वरचं पाणी कुणाकुणाचं दुधासारखं दिसतं. परवा एका भरणीवाल्याचं तसं होतं. दिवसभर बॉबीन भरतो तो. गादी नाही त्याच्याकडे, चटई आहे."

मी विषय बदलला. हरायला लागले की मी विषय बदलते, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रक्तासाठी माणूस बारा तास उपाशी लागायचा. रात्रपाळी सुटलेले लोक यायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचे, "ताई, रात्रीपासून काही खाल्लं नाही." नळी मात्र दुधाळ निघायची. मग तुझ्या लक्षात आलं, की चहा आणि खारी म्हणजे खाणं अशी त्यांची समजूतच नाही. खाणं म्हणजे भात नाहीतर रोटी. तेव्हापासून तू "उपाशी आहात का?" असं विचारणं सोडलंस. "चहा कुठल्या हॉटेलात घेतलात?" असं विचारायचीस. "नाक्यावरच्या," असं उत्तर आलं की म्हणायचीस, "उद्या या." मी चार वर्षं त्या लोकांना प्रश्न विचारतेय. माझे सगळे प्रश्न असे असतात की उत्तर मलाच आधी माहीत असतं. तुझ्या त्या चहाच्या प्रश्नाचासुद्धा मला हेवा वाटायचा.

आणि तुझ्या धीराचा. माझं पत्रक सकाळी लिहिलं की दुपारी हातात. तुझ्या त्या तिरक्या बाटल्या, अंड्याचा बलक घालून केलेलं हिरवं घट्ट खाद्य त्यात, त्यावर थुंकीतले जंतू पेरायचे आणि दोन महिने वाट बघायची. काही बाटल्यांत औषध घातलेलं. त्या औषधातही जंतू उगवले तर समजायचं, की ह्या माणसाला ती गोळी लागू पडणार नाही. टेमघरच्या बाईकडून ताजी गावठी अंडी घेऊन तू मुंबईला न्यायचीस. आई म्हणायची, "घरच्यांना कधी आमलेट नाही, जंतूंना रोज." आणि बर्फात ठेवलेल्या थुंकीच्या डब्या पत्र्याच्या पेटीतून न्यायचीस तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं होतं, "मच्छी हाय का बाई पेटीत?" तू म्हणालीस, "हो, सुकी." तो ठाण्यापर्यंत तुझ्याकडे नाराजीने बघत होता, ही गोष्ट सांगताना तू इतकी हसायचीस की तुला छातीवर हात ठेवावा लागायचा. पित्त आहे म्हणायचीस. आम्ही ते खरं मानलं.

आता मुख्य गोष्ट. ती तू कुणाला सांगितली नाहीस, म्हणून मी सांगते.

दीड वर्षापूर्वी कामतघरातल्या एका कारखानदाराच्या टेबलाच्या खणात क्षयरोग्यांची यादी सापडली. दवाखान्यातून ती तिथे कशी गेली ते कळलं नाही. पण त्या यादीतल्या माणसांना एकेक करून काढून टाकलं. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी मी पत्रक काढलं: 'कामगार बंधूंनो, दवाखान्यात नाव सांगू नका!' ते हॉटेलाहॉटेलांत मोठ्याने वाचलं गेलं. मला वाटलं, लिहिणं म्हणतात ते हे.

भिवंडीजवळच्या वळ गावचा काशिनाथ तेव्हा तुझ्याकडे औषध घेत होता; त्या यादीत त्याचं नाव आलेलं नव्हतं. त्याला रोज पाळी झेपेना म्हणून त्याचा मेहुणा गणपत बदलीवर यायचा. लूमवाल्यांत ही जुनी सोय आहे. हजेरीच्या मस्टरवर नाव एक, माणसं दोन. एक आठवडा हा, एक आठवडा तो. ज्या आठवड्यात जो भिवंडीत, तो काशिनाथ. खोली तीच, चादर तीच, मुकादम दोघांनाही काशिनाथच म्हणायचा. मग गणपतलाही खोकला लागला. माझं पत्रक त्यांनी ऐकलेलं होतं. दुसरं नाव द्यायचं म्हणजे दोघांची ती एकच नोकरी धोक्यात. मग त्यांनी लूमवर करायचे तेच दवाखान्यात केलं. तोंडाला मफलर गुंडाळून, ज्या आठवड्यात जो भिवंडीत, तो काशिनाथचं कार्ड घेऊन जायचा. गोळ्या दोघं अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायचे. थुंकीही पाळीपाळीने द्यायचे.

तुझ्या बाटल्यांत मग काहीतरी विलक्षण दिसू लागलं. काशिनाथ नावाच्या माणसाचा जंतू एकदा औषधात उगवायचा, पुढच्या खेपेला उगवायचा नाही. मग पुन्हा उगवायचा. तू सगळं दोनदा, तीनदा करून पाहिलंस. एका संध्याकाळी जेवताना म्हणालीस, "बाबा, औषधाला न जुमानणारा जंतू परत जुमानायला लागलाय. असं मी कुठे वाचलेलं नाही." तुझे कान लाल झाले होते. मोठ्या डॉक्टरांनी तुला मुंबईच्या डॉक्टरांच्या बैठकीत हे स्वतः मांडायला सांगितलं होतं. बाबा हात न धुता तसेच उठले आणि देवापुढे साखर ठेवून आले. माझ्या पहिल्या पत्रकाच्या दिवशी त्यांनी फक्त काना-मात्रा तपासल्या होत्या.

पुढे काही आठवड्यांनी काशिनाथ छापखान्यात आला. पेरू घेऊन आला होता.

"बाई, तुमच्या पत्रकानं डोस्कं दिलं आमाला," तो म्हणाला. आणि मोठ्या अभिमानाने त्याने मला सगळं सांगितलं. "एका कार्डावर दोगं जगतोय. कुनाला पत्ता न्हाय."

मी पेरू घेतले. आणि आठ दिवस गप्प बसले.

का बसले, ते मला नीट लिहायचंय. माझं पत्रक चुकलं हे कळू नये म्हणून, हे एक कारण झालं. ते मी कुणालाही सांगू शकते. दुसरं कारण हे, की तुझा शोध खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि ते मला बरं वाटत होतं. तू कंदिलाची काच पुसताना गुणगुणायचीस आणि मी मनात म्हणायचे, गुणगुण.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तू ओट्यावर कागद लावत होतीस. मी आले ती ठिणगी घेऊनच.

"शेठचं तूप मोजून झालं, आता जंतूंचं मनपरिवर्तन?"

"मंदे, जेवून घे."

"तुझा जंतू सुधारलेला नाही, ताई. माणूस बदललाय."

तू वर पाहिलंस. मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, आता ही रडेल, ओरडेल, निदान एकदा तरी माझ्यासारखी होईल. तू कागद खाली ठेवलेस.

"दुसऱ्याचं नाव काय?"

"गणपत."

"त्याला खोकला कधीपासून आहे?"

"मला काय माहीत?"

"रक्त पडतं?"

"नाही माहीत."

"तुला हे कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवसांत तू हेही विचारलं नाहीस?"

एवढंच. तुझ्या शोधाबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. त्या रात्री तू डॉक्टरांना चिठ्ठी लिहिलीस: निरीक्षणात माझी चूक झाली आहे, रोग्याची ओळख मी पटवून घेतली नाही. माझी, माझी. माझ्या पत्रकाचा त्यात उल्लेखच नव्हता. मी ती चिठ्ठी चोरून वाचली आणि मला संताप आला. चूकसुद्धा तू माझ्याकडून काढून घेतली होतीस.

दुसऱ्या दिवशी तू छापखान्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिलीस.

"नवं पत्रक काढ. नाव सांगा, असं लिही."

"आणि नोकरी गेली तर? यादी खरी होती, ताई! माणसं खरी गेली कामावरून!"

"खरी होती. पण अर्ध्या गोळीने माणूस मरतो आणि जंतू शहाणा होतो. मग तो शहाणा जंतू त्या खोलीत जितके झोपतात तितक्यांना जातो. दोन्ही लिही. नाव सांगा, पूर्ण गोळ्या घ्या. आणि यादी बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दवाखान्याच्या दारात बसू, असंही लिही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तू."

'दवाखान्याच्या दारात बसू' हे वाक्य चांगलं होतं. मी लिहिलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं. म्हणूनच मी ते लिहिलं नाही. मालकांचं भय, संघटनेचं धोरण, वेळ योग्य नाही, अशी कारणं मी तुला दोन महिने देत राहिले. खरं कारण हे होतं, की ते वाक्य तुझं होतं.

तू वाट पाहत बसली नाहीस. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून रजिस्टर कुलपात ठेवायला लावलंस. काशिनाथला पूर्ण गोळ्या चालू केल्यास, त्याच्याकडून महिनाभर रोज समोर बसवून गिळवून घेतल्यास. गणपत मात्र पळाला. बदलीवर यायचं त्याने सोडलं आणि गावात जाऊन बसला. तू वळ गावाला दोनदा गेलीस. मला बरोबर चल म्हणालीस. मी म्हणाले, प्रूफं आहेत.

मग तो मंगळवार. दवाखान्याच्या जिन्यावर तू बसलीस, कुणाला तरी म्हणालीस, "पित्त चढलंय, थोडं पाणी आणा." पाणी येईपर्यंत तू नव्हतीस.

पाचव्या दिवशी मुंबईचे डॉक्टर आले. बाबांसमोर त्यांना धड बोलता येईना. ते म्हणाले, प्रत्येक खेपेला ताडून पाहायला एका निरोगी माणसाचं रक्त लागतं, तिथे तू तुझं स्वतःचं द्यायचीस. आणि चरबी बेसुमार निघाली ती त्याच नळीत. "मी तिला म्हटलं, हृदयाचा आलेख काढून घे. ती म्हणाली, वळ गावचा एक रोगी तेवढा सापडू दे." बाबा माझ्याकडे बघत होते. 'गादीवर बसणाऱ्यांचा रोग' हे शब्द त्यांनीच तपासले होते, काना-मात्रेसह. तुझ्या अंगाखाली जन्मभर घोंगडी होती, ताई. गादी आपल्या घरात कधी आलीच नाही.

मेलेल्या माणसाशी भांडण कसं करायचं? तू आता कायमची बरोबर आहेस. मला एकदा तरी तुला चूक ठरवायचं होतं, आणि एकदा ठरवलं, तर त्या चुकीत मीच निघाले.

दहाव्यानंतर मी पत्रक जुळवलं. तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं. एकही उद्गारचिन्ह घातलं नाही. पहिली प्रत घेऊन मी वळ गावाला चालत गेले.

गणपतच्या बायकोने मला पडवीत बसवलं. ती म्हणाली, "दोनदा आलती ती बाई. ह्यो वर माल्यावर लपून बसला व्हता. ती हितंच बसली, पानी पिली, पोरांचे डोले बगितले, गेली."

मग गणपत आतून आला. पाठीत वाकलेला, माझ्याच वयाचा. मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि मला परत दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे तोंडाने सांगावं लागणार होतं. तुझी शपथ, हजारांसाठी छापणं सोपं असतं.

"नाव सांगू नका असं मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "ते चुकलं माझं."

"आता सांगा म्हंता?"

"हो."

"आनि मुकादमाला कललं तर?"

"रजिस्टर कुलपात आहे. मी दारात बसणार आहे. तरीही कळलं तर भांडेन. जिंकेन असं सांगत नाही."

तो खोकला, मग हसला. "पत्रकात तर तुमी दर टायमाला जिकताव."

त्याची बायको फिस्सकन हसली. मलाही हसू आलं आणि त्याबरोबर बाकीचंही आलं. मी पदर तोंडाला लावला. मग त्याने विचारलं, "ती बाई खरंच गेली?" मी मान हलवली. "मी माल्यावर व्हतो तवा ती बोलली, गणपत, तुझ्यावर राग न्हाय, ये. मना वाटलं, हिला कसं कललं मी वर हाय ते."

मला माहीत नव्हतं हे. तू घरी कधी सांगितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मी दवाखान्याच्या दारात बसलेच होते, बाजूला पत्रकांचा गठ्ठा. मी त्याच्याबरोबर आत गेले. तुझ्या खुर्चीवर आता एक नवे गृहस्थ बसतात, चष्मा कपाळावर ठेवून शोधत असतात. त्यांनी कोरं कार्ड ओढलं आणि नाव विचारलं. गणपतने मफलर खाली ओढला. पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं सांगितलं, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं. कार्डावर तशी एक जागा असते.

माझे पाय आदल्या दिवशीच्या चालण्याने सुजले होते. 'चुकलं माझं' असं मी जन्मात पहिल्यांदा म्हणाले होते, ते ह्याच माणसासमोर, त्याच्या पडवीत. मी त्याच्या शेजारी उभी होते.

"ताईंनी बोलावलंय," गणपत म्हणाला.

त्या गृहस्थांनी पेन थांबवलं. तू कुठे आहेस ते त्यांना माहीत होतं. चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "तसंच लिहा."